कान उघडे होते

घरात पिक्चर संपला की निकाल नानाच देणार. सुरुवातीची नावं संपायच्या आत ते घोरायला लागत, पण टीव्ही बंद झाला की उठून ठणकावत, "डोळे मिटले होते, कान उघडे होते!" मग माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चकार शब्द काढायची सोय नसे.

काल माईंनी हौसेने नवा पिक्चर लावला. टीव्ही बंद होताच नानांनी जांभई देत निकाल दिला, "टुकार! रडकी गाणी, गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. माझ्या त्या जुन्या लाडक्या पिक्चरची सर कश्शाला नाही."



"तोच होता," माई रिमोट घट्ट धरून म्हणाल्या, "तुम्ही घोरायला लागलात तेव्हाच बदलला, नवा आत्ता लावतेय, आणि तो कसा आहे ते मी सांगणार!"