चिंचेला नोटीस

"मुळासकट काढा, नाहीतर मी दादरला आईकडे जाते," ताटात भात वाढता वाढता वैजयंतीने सांगितलं आणि वरण न वाढताच ती आत निघून गेली.

दिनानाथने कोरडा भात मुकाट गिळला. नेरूळच्या या बैठ्या घरात दोघं होळीनंतर राहायला आली, तेव्हापासून हेच चालू होतं. घर कोरं करकरीत, पण मागच्या अंगणातली चिंच वसाहतीच्या आधीची, शिरवणे गावच्या बांधावरची. वैजयंतीचं म्हणणं, त्या चिंचेत एक बाई आहे आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघते. कणीक मळायला घेतली की बघते, वेणी घालायला घेतली की बघते. शिकवणीला बसल्यासारखी बघते.

दिनानाथला बाई कधी दिसली नाही. त्याला दिसायची ती सावली. डोक्यावर सिमेंटचे पत्रे, वर मे महिना. चिंच गेली तर घराचा तवा झाला असता. त्याला बायकोही हवी होती आणि सावलीही. मग सरकारी नोकरीत मुरलेला माणूस काढतो तसा त्याने मधला मार्ग काढला. फांद्या छाटायच्या.

छाटणीला शिरवण्याचा गोवर्धन आला. चिंचेभोवती एक फेरी मारून त्याने दोरखंड पुन्हा खांद्यावर टाकला.

"आज नाय."

"का रे? कोयत्याला धार नाही वाटतं?"

"धार हाय. पन जुन्या झाराला आदी सांगाला लागतं. मंगच हात लावाचा."

"म्हणजे झाडाला नोटीस?" दिनानाथ हसला. "वसाहतीसाठी जमिनी घेताना सरकारने तुम्हाला तरी दिली होती का?"

"दिलेली ना सायेब," गोवर्धन म्हणाला. "तवाच कललं, नोटीस काय असते ती."

त्याने बुंध्याशी नारळ आणि विडा ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "बाय, उद्या सकाली कोयता लागनार. तुजी सोय तू बघ. आमचेवर राग धरू नको."

मग तो दिनानाथकडे वळला. "पहाटे फाटकाची करी वाजेल. वाजू दे. कोन हाय, कुठं चाललीस, असा टोकाचा नाय. टोकलेली जात नाय. परत बसते."

वैजयंती खिडकीत उभी राहून सगळं ऐकत होती.

"मुळासकट ना?" तिने विचारलं.

"घरावर आलेल्या फांद्या तेवढ्या."

"बरं," ती म्हणाली.

भांडली नाही, आदळआपट केली नाही. दिनानाथला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

पहाटे कडी वाजली.

बाहेरच्या खोलीत झोपलेला दिनानाथ खडबडून जागा झाला. फाटकाशी पावलं घुटमळत होती. बांगड्या किणकिणल्या, थांबल्या, पुन्हा किणकिणल्या. 'कोण आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले, तशी त्याने चादरीचा बोळा दातांत धरला. वैजयंती तर नसेल? मनात आलं, पण उठून आत बघायची छाती झाली नाही. बऱ्याच वेळाने पावलं खाडीकडच्या रस्त्याला लागली.

फटफटलं तसा स्वयंपाकघरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

वैजयंती ओट्याशी पाठमोरी उभी होती. न्हाऊन केस मोकळे सोडलेले.

"गेला का रुसवा?"

"गेला की," ती म्हणाली. चहाचा कप त्याच्या हातात देऊन तो पिईपर्यंत समोर उभी राहिली. "साखर पुरे ना?"

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मिळायचा तसा चहा. दिनानाथ खूश झाला.

गोवर्धनने येऊन बुंध्यावर तळवा टेकला. "गेली. झार रिकामा हाय." आणि तो सरसर वर चढला. फांद्या कडाकड खाली यायला लागल्या.

"अगं, बघायला तरी ये," दिनानाथने हाक मारली.

"हवं तर मुळासकट काढा," आतून उत्तर आलं. "मला काय करायचंय आता त्याचं?"

दिनानाथचा ऊर भरून आला. बायकोही राहिली, सावलीही राहिली.

दुपार व्हायच्या आत फाटक ढकलून नंदकुमार आला. वैजयंतीचा धाकटा भाऊ. दादरहून बसने आलेला, घामाघूम, तोंड लाल.

"भाऊजी, तुम्ही माणूस आहात का कोण? ताई पहाटे मागच्या दाराने एकटी घराबाहेर पडली. तुम्ही थांबवाल म्हणून फाटकाशी किती वेळ उभी राहिली बिचारी. एक हाक मारवली नाही तुम्हाला? सकाळपासून आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडतेय ती तिकडे."



आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

"अहो, कोण आलंय?" वैजयंतीने आतून विचारलं. "त्यांच्याही चहाचं आधण ठेवते."