खोकून दाखव

लग्न ठरवण्याआधी मुलीला आरोग्य केंद्रातल्या भिंतीसमोर उभं करून खोकायला लावायचं, ही आता रीतच झाली होती. भिंत खोकला ऐकायची आणि टीबी असला तर लाल व्हायची. सरकारनं ती बसवली आजाऱ्याला वेळेत औषध मिळावं म्हणून. मुलाकडच्या दीडशहाण्यांनी तिच्यावर सुना पारखायला घेतल्या.

केतकी खोकली. भिंत हिरवी झाली.

"हिला मागं टीबी झालेला. भिंतच बिघडलीय," होणाऱ्या सासूबाई फणकारल्या आणि खात्री करायला स्वतःच खोकल्या.

भिंत लालभडक झाली.

केतकीला हसू फुटणार होतं, पण तिचं लक्ष नवरदेवाकडं गेलं. नाकाला रुमाल लावून हर्षद आईपासून खुर्चीसकट लांब सरकला होता.

केतकीनं टेबलावरचा मास्क सासूबाईंना दिला आणि ती त्यांच्याशेजारी बसली. "घाबरू नका, काकू. गोळ्या चुकवल्या नाहीत की बरं होतं. मी झालेच ना?"

"मग साखरपुडा कधी करायचा?" रुमालाआडून हर्षदनं विचारलं.

"आधी आईजवळ बसून दाखवा."

हर्षदनं लाल भिंतीकडं पाहिलं आणि खुर्ची आणखी मागं सरकवली.