दर्यासुर, भाग दुसरा

"सुकेळी आहेत बाबा, बॉम्ब नाय," पिशवी उघडून दाखवत लिलीबाय दारावरच्या सिक्युरिटीला म्हणाली. "आमच्याच वाडीतली. घे, तूपण खा."

बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती. पण त्या पोरानं ते सुकवलेलं गोड केळं तोंडात टाकलं आणि बंदीबिंदी विसरून गेला. लिलीबायनं त्याचे आभार मानले. निर्मळ गावाहून आणणाऱ्या रिक्षावाल्याचेही मानले होते. नवरा गेल्यापासून तिला ही सवयच लागली होती. फ्रान्सिसच्या मयताला अख्खा गाव लोटला, शेजारणींनी कितीतरी दिवस तिच्या घरात चूल पेटू दिली नाही. त्या माणसांचं कसं फेडायचं, म्हणून भेटेल त्याला "देव तुझं भलं करो" म्हणत सुटली होती.

सगळं मिळालं, झोप मात्र गेली ती गेलीच. नवऱ्याला मातीत ठेवून आली त्या रात्रीपासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. गोळ्या झाल्या, नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना झाल्या. बाई नुसती वाळत चालली होती. असंच चाललं तर कठीण आहे, असं डॉक्टरनं तिच्या मुलाला, जेन्सनला, बाजूला घेऊन सांगितलं होतं.

आज त्याच जेन्सनच्या सिनेमाला ती आली होती. म्हणजे सिनेमा काही त्याचा नव्हता, तो आवाजाच्या स्टुडिओत कामाला होता. पण 'दर्यासुर'चा दुसरा भाग आला होता, पोस्टरं साऱ्या वसईभर लागली होती, आणि त्या अवाढव्य राक्षसाच्या गळ्यातला आवाज जेन्सननं घडवलेला होता. एवढं गावाला पुरेसं होतं.

"पन मी काय म्हणते," सोबत आलेली शेजारीण सालोमी म्हणाली, "पहिल्या भागात मेला ना तो मेला?"

"मेलेला परत येतो मावशी, म्हणून तर दुसरा भाग," बरोबर चालणारा जेन्सन म्हणाला.

"तसे परत आले असते तर आणखी काय हवं होतं," लिलीबाय म्हणाली.

खुर्च्यांच्या रांगेत शिरताना तिनं चर्चमधल्यासारखा उजवा गुडघा टेकला. मागचा माणूस तिच्यावर आपटता आपटता वाचला. सालोमी फिस्सकन हसली.

"अगं बाय, समोर पडदा आहे, आल्तार नाय!"

"हाडात मुरलेलं असतं गं, असं थोडंच सुटतं," म्हणत लिलीबायही हसली. जेन्सन तिच्या डावीकडं बसला. आई हसली हे बघूनच त्याला तिकिटांचे निम्मे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

"ह्या वेळी काय घेतलंस रे आवाजाला?" सालोमीनं विचारलं. "मागं रहाट होता."

ते खरं होतं. असला प्राणी जगात कुठं आहे? मग घरीदारी जे ऐकू येईल ते रेकॉर्ड करायचं, संथ करायचं, जाड करायचं, हेच जेन्सनचं काम. पहिल्या भागातली दर्यासुराची किंकाळी म्हणजे त्यांच्या विहिरीवरचा गंजका रहाट होता. "माझ्या रहाटानं मुंबई बुडवली!" असं फ्रान्सिस गावभर सांगत फिरला होता.

"गुपित आहे," जेन्सन म्हणाला आणि रुमालानं मान पुसली. एसी चालू होता तरी.

"ते असते तर आज पहिल्या रांगेत बसले असते," सालोमी हळहळली.

"फोटो ढीगभर आहेत गं. आवाज एक नाय," लिलीबाय म्हणाली. "फोन केला की 'हं' म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. इतकी वर्षं झोपू दिलं नाय मला, आता नसूनपण झोपू देत नायत."

"हो ना, पहाटे फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला निघायचे. तुला कुठली झोप!"

लिलीबायनं नुसतं "हूं" केलं. दिवे मालवले.

दर्या उकळला. पाण्यातून आधी काटे आले, मग डोकं आलं, आणि दर्यासुरानं पहिली डरकाळी फोडली. खुर्च्या थरथरल्या. सालोमीनं पर्समधली रोझरीची जपमाळ काढली. मागं कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडायला लागलं. जेन्सन पडद्याकडं बघतच नव्हता. तो आईकडं बघत होता. तिला न विचारता केलं होतं त्यानं. बरं केलं की वाईट, हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं.

लिलीबाय ताठ बसली होती. हात छातीवरच्या क्रुसावर गेला होता. दुसऱ्या डरकाळीला तिचे खांदे सैल पडले. आणखी एक झाली आणि तिची मान खुर्चीला टेकली.

 जेन्सननं चटकन वाकून तिच्या नाकाजवळ हात नेला. श्वास चालू होता, संथ आणि लांब. आई झोपली होती. ढाराढूर!

 देवा, तुझे उपकार, तो पुटपुटला. स्टुडिओतल्या साहेबांचे उपकार, ज्यांनी कसले प्रश्न न विचारता हा घरचा आवाज ठेवू दिला.

"अगो बाय बाय बाय! एवढ्या कल्लोळात हिला झोप लागलीच कशी?" सालोमी तिला हलवायला लागली.

"झोपू दे मावशी. पाया पडतो तुझ्या."

पडद्यावर दर्यासुर शहराच्या मधोमध येऊन उभा राहिला. त्यानं छाती फुगवली आणि अशी डरकाळी फोडली की इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या. सारं थिएटर किंचाळलं. लिलीबायनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. तिचं कोपर फक्त डावीकडं वळलं आणि जेन्सनच्या बरगडीत दणकन बसलं.

"अहो," ती झोपेतच म्हणाली, "कुशीवर वळा बघू!"