पंख मोडला नाही तर

देव पाण्यात होते आणि फोन मालनबाईंच्या मांडीवर.

पितळेच्या पातेल्यात गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पार बुडून बसले होते. सून घरी येऊन 'झालं' म्हणेपर्यंत त्यांना बाहेर काढायचं नाही, असा संकल्प मालनबाईंनी सकाळी अंघोळ झाल्या झाल्या केला होता. तोवर अन्नही घ्यायचं नव्हतं. जे. पी. नगरच्या त्या घरात आज चूल पेटली नव्हती. त्यांचे यजमान भगवंतराव मुकाट्यानं कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या इडली खाऊन आले होते.

आज कस्तुरीच्या विमानाचा पंख वाकवणार होते.

कस्तुरी मूळची पुण्याची. या घराच्या सात पिढ्या बेंगळुरात गेलेल्या. घरचं कन्नडमिश्रित मराठी ऐकून ती सुरुवातीला तोंड लपवून हसायची. विमानं बांधणाऱ्या एका कंपनीत ती पंखाचं गणित करायची. विमानाचा पंख वाकतो, हेच मुळी मालनबाईंना तिच्याकडून कळलं. काल जेवताना तिनं केळीच्या पानाचं टोक दोन बोटांनी वर उचलून दाखवलं होतं. आकाशात पंख असाच वर उचलला जातो. आता त्याला खालून जॅक लावायचे आणि वर ढकलत न्यायचं. विमानाच्या उभ्या आयुष्यात जेवढा ताण येईल, त्याच्या दीडपट ताण जमिनीवरच द्यायचा. तीन सेकंद तसाच धरायचा. त्याच्या आत मोडला, तर सगळं मुळापासून पुन्हा. एवढं सांगून ती उठली. पानातला भात तसाच राहिला.

मोडू नये, एवढं मालनबाईंनी ध्यानात धरलं. पंखासाठी याहून वेगळं काय मागायचं असतं?

"पंखाचं राहू दे," भगवंतराव पातेल्यात डोकावून म्हणाले, "आधी देवांना पडसं होईल."

"तुम्ही स्वल्प गप्प बसा."

तेवढ्यात फोन वाजला. कस्तुरीला धाप लागली होती. दीडपट ताण झाला होता. तीन सेकंद झाले होते. पंख टिकला होता.

मालनबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नुसती मान हलवली, तेवढ्यावर भगवंतरावांनी म्हैसूरपाक आणायला चपला पायात सरकवल्यासुद्धा. पण सुनेचा आवाज काही केल्या हसरा होईना.

"आता तो मोडायला हवाय, आई."

मालनबाईंना वाटलं, पोरीला उपाशीपोटी भोवळ आली असावी. पण कस्तुरी भराभरा सांगत सुटली. नुसता टिकून भागत नाही. कुठं मोडतो आणि केव्हा मोडतो, हेही कळावं लागतं. तिनं त्याचा आकडा दिला होता, जागाही दिली होती. पंखालाही फासळ्या असतात. त्यातल्या तिसरीपाशी तिनं स्वतः लाल खूण केली होती. अजून जॅक चढतच होते. ताण तिच्या आकड्याला टेकत आला होता आणि पंख हूं की चूं करत नव्हता. मोडलाच नाही, तर तिचं गणित खोटं. आणि खोट्या गणितावरचं विमान जमिनीवरून कोण उठू देईल? चाचणी चालवणाऱ्या सूर्यकांत सरांनी तर तिला बाहेरच पिटाळलं होतं. तुझं तोंड बघून आमचे हात कापतात, म्हणाले.

मालनबाईंची नजर पातेल्यावर गेली.

"आई," कस्तुरीचा आवाज एकदम खाली आला, "तुम्ही देव पाण्यात घातलेत का?"

"घातलेत."

ही मुलगी सणावारी देवघरापुढं हात जोडायची, तेही जाता जाता, गाडीची किल्ली बोटात अडकवून.

"काढा ना त्यांना बाहेर. प्लीज."

भगवंतरावांचा चेहराच उतरला. सकाळपासून थट्टा करणारा माणूस, पण आता दारातूनच म्हणाला, की अर्ध्यावर संकल्प सोडू नये, भलतंच काही होईल. मालनबाईंनी तरी कुठं कधी सोडला होता? तापानं फणफणल्या असतानाही त्यांचा सोमवार चुकला नव्हता. पण फोनमधल्या त्या श्वासापुढं त्यांचं मन तग धरेना.

"सरी, बरं. काढते."

त्या पातेल्यापाशी बसल्या. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. बोटं पाण्यात घातली. बाळकृष्णाच्या रांगत्या पायाला ती लागली आणि तिथंच थबकली. देवा, जन्मभर सगळ्यांचं सगळं धड राहू दे म्हणत आले. आता मोड म्हणून कसं सांगू तुला?

हात पुढं जाईना.

तेवढ्यात कानात असा कडाड आवाज झाला, की फोन खांद्यावरून निसटता निसटता राहिला. जणू उभा माड मधोमध फुटला. मग आरडाओरडा, धावणारी पावलं. रडताहेत की ओरडताहेत, काही समजेना. मग कुणीतरी शीळ घातली आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

"मोडला, आई." कस्तुरी हसत होती की हुंदके देत होती, देव जाणे. "लाल खुणेवर मोडला. आकडाही माझाच. मी पुन्हा कध्धी हसणार नाही तुमच्या देवांना. तुम्ही त्यांना बाहेर काढलंत आणि पुढच्या क्षणाला मोडला. हे त्यांनीच केलं."

दारात भगवंतरावांनी हात जोडले होते. मालनबाई आपल्या हाताकडं पाहत राहिल्या. मनगटापर्यंत तो अजून पाण्यात होता.

"देव अजून पाण्यातच आहेत गं," त्या हळूच म्हणाल्या. "मोडला तो तुझ्या गणितानं."