पायडलला तेल

सासूबाईंच्या शिलाई मशीनचं पायडल करकरायचं आणि त्या तालावर त्यांचं देवाचं गाणं चालायचं. शेजारी काजं करताना माझं डोकं उठायचं. काल मी गुपचूप पायडलला तेल घातलं. आज संध्याकाळपर्यंत शाळेचे वीस गणवेश द्यायचे आणि सासूबाईंची एकेक शिवण वाकडी! तिसरी बाही उसवताना मी वैतागले, “अहो आई, झालंय काय तुम्हाला?” “अगं, पायडल मुकं झालंय. ताल नाही तर गाणं नाही, गाण्याशिवाय हात चालत नाही.” “मग बिनतालाचं गा!” “हो, आणि जेवायला बिनमिठाचं वाढ!” कपाळावर हात मारून मी कात्रीनेच टेबलावर ताल धरला. त्यांनी सूर लावला. शिवण सरळ धावली. दहाव्या गणवेशापाशी, मेलं, माझ्याही तोंडी कडवं आलं. सासूबाई हसल्या, “तेल घातलंस ते बरं झालं. इतकी वर्षं मी एकटीच गात होते.”