लाल झेंडा

गोराईच्या किनाऱ्यावरचा जीवरक्षक चंदू कोळी रोज ओहोटीला पाण्यात उतरायचा, ओढ कुठून सुरू होते ते पायांनी चाचपायचा आणि तिथेच काठावर लाल झेंडा रोवायचा. त्याच्या पलीकडे कोणी पाण्यात जायचं नाही.

त्या रविवारी पिकनिकला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी झेंडा उपटून क्रिकेटचा स्टम्प केला.

"काका, खेळून झालं की परत लावतो ना!"

चंदू हसला आणि वाळूत रुतलेली कुणाची तरी गाडी ढकलायला गेला.

पोरं शब्दाला जागली. झेंडा परत लावला. अंदाजाने, चाळीस पावलं पलीकडे.

चंदूने सात वर्षांच्या रोशनीला बाहेर काढलं, तोवर सगळं संपलं होतं. तिची आई त्याचा हात धरून एकच सांगत राहिली, "झेंड्याच्या पलीकडे मी तिला जाऊच दिलं नाही हो, दादा."