वाचून झालेली पुस्तकं

आमची शाळा घरातच, शेगडीभोवती. पुस्तकं स्वेटरांसारखी थोरल्याकडून धाकट्याकडे उतरत यायची आणि सहाव्याचंही वाचून झालं की हिवाळ्यात शेगडीत जायची. "गणित लवकर पेटतं," दादा म्हणायचा, "डोकं तापवायची सवयच आहे त्याला."

अंकलिपी तेवढी फळीवर जपून ठेवली होती, येणाऱ्या सातव्या बाळासाठी.

आज बाबा आईला दवाखान्यातून घरी घेऊन आले. बाहेर बर्फ, आत लाकडं संपलेली. आई गारठून शेगडीपाशी बसली.

"आई, बाळ कुठंय?" शेंडेफळाने विचारलं. ताईने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

आई उठली, फळीवरची अंकलिपी काढली आणि शेगडीचं झाकण उघडलं.



"ही आता सगळ्यांची वाचून झाली," ती म्हणाली.